दोन जिवांचे ताट

मराठी घरात सून दोन जिवांची आहे असे कळले, की घरातील वडीलधारी स्त्री तिला जवळ बसवून विचारते, "काय खावेसे वाटते गं तुला?" हा प्रश्न केवळ खाण्याचा नसतो. एरवी सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले पानात घेणाऱ्या मुलीला काही महिने तरी सर्वांच्या आधी विचारले जावे, हा त्या प्रश्नाचा खरा अर्थ होय. रत्नागिरीच्या खेड्यात हा प्रश्न विचारला गेला, मुंबईच्या चाळीत विचारला गेला, आणि समुद्र ओलांडून आलेल्या आज्या-पणज्यांनी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवरील खोपटांतही तो आपल्याबरोबर आणला. मात्र सुनेने दिलेले उत्तर पुरे करणे तेव्हा घराच्या हाती नसे. आज उलट स्थिती आहे. मागितलेला जिन्नस कोपऱ्यावरच्या बुतिकमधून पाच मिनिटांत येतो. परंतु गर्भवतीच्या ताटात दररोज काय पडते, इकडे मात्र कोणाचे लक्ष असतेच असे नाही. डोहाळे आणि पथ्यकर आहार यांचा मेळ कसा घालावा, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

'डोहाळे' हा शब्द फार जुना आहे. संस्कृतातील 'दोहद' प्राकृतातून येत येत मराठीत 'डोहाळा' झाला. प्राचीन वैद्यांनी त्याचा संबंध 'दौहृद' या शब्दाशी, म्हणजे दोन हृदयांशी जोडला आहे. गर्भाचे हृदय व्यक्त झाले की स्त्री दोन हृदयांची होते, आणि गर्भाची इच्छा आईच्या मुखाने बोलू लागते, अशी त्यांची कल्पना होती. सुश्रुताने ही अवस्था चौथ्या महिन्यात सांगितली आहे, तर चरकाने तिसऱ्या. ही इच्छा डावलली तर बाळाच्या अंगी व्यंग येते, असेही त्या काळी मानले जाई. या भीतीला आजच्या शास्त्रात आधार नाही. न मिळालेल्या कैरीमुळे कोणत्याही बाळाला आजवर व्यंग आलेले नाही, हे प्रत्येक गर्भवतीने आणि तिच्या सासूने निःशंक मनाने ध्यानात ठेवावे.

गंमत अशी की हीच समजूत जगाच्या दुसऱ्या टोकालाही होती. फ्रेंच भाषेत 'आंव्ही' या एकाच शब्दाने मनातील तीव्र इच्छाही सांगितली जाते आणि बाळाच्या अंगावरील जन्मखूणही. आईची इच्छा अपुरी राहिली की ती बाळाच्या कातडीवर डाग होऊन उमटते, असे तेथील लोक मानीत. मॉरिशसच्या क्रिओल भाषेत तोच शब्द 'आंवी' होऊन राहिला. म्हणून गावातील मराठी आजी आणि तिची क्रिओल शेजारीण यांचे इतर अनेक बाबतींत न पटले, तरी गर्भवतीला काही नाकारू नये, याबद्दल त्यांचे एकमत होई.

प्राचीन वाङ्मयातही डोहाळ्यांना मोठे स्थान आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'त राणी सुदक्षिणेला माती खाण्याचे डोहाळे लागतात. त्याच काव्यात पुढे सीतेला गंगेकाठचे आश्रम पुन्हा पाहावेत असे वाटते. राम ते मान्य करतो, आणि ती मान्य झालेली इच्छाच तिच्या वनवासाचे निमित्त होते. कवीने या दोन प्रसंगांत नकळत दोन इशारे देऊन ठेवले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. डोहाळा कधी कधी शरीरातील उणिवेची खूण असतो, हा पहिला; आणि डोहाळा पुरवण्याच्या नावाखाली स्त्रीचे अहितही होऊ शकते, हा दुसरा.

कोकणात डोहाळे प्रायः आंबटाचे. कैरी, चिंच, आवळा, करवंदे, कोकमाचे सार यांची आठवण गर्भवतीला हटकून व्हावयाची. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होई, नारळ-तांदळाने ओटी भरली जाई, शेजारणी जमून गाणी म्हणत, आणि दोन झाकलेल्या वाट्यांपैकी एक उघडायला लावून पेढा निघतो की बर्फी यावरून मुलगा की मुलगी हे थट्टेने ठरवले जाई. थट्टा बाजूला ठेवली तर या सोहळ्याचे मर्म निराळेच होते. बाळंतपणाच्या अवघड वाटेवर निघालेल्या मुलीभोवती गावातील अनुभवी बायका एकदा गोळा होत, तिचा चेहरा निरखीत, पायांवर सूज आहे काय हे पाहत, तिला घास भरवीत. तपासणीची दुसरी सोय नसलेल्या काळात तीच एक तपासणी होती.

1834 ते 1910 या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे मजुरीच्या करारावर आणि करारबद्धांच्या कुटुंबांतून मॉरिशसच्या किनाऱ्याला लागली. त्यांत मुंबई बंदरातून आलेले मराठी लोक थोडे होते. पण कोकण आणि घाटमाथा यांच्या चालीरीती त्यांनी आपल्या गाठोड्यात बांधून आणल्या. मळ्यावर शिधा मिळे तो मोजका: तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा. कामावर एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा रोज कापण्याची 'डबल कट' नावाची दुष्ट पद्धत होती. अशा मळ्यावर एखाद्या गर्भवतीने कैरी मागितली आणि नवरा ती शोधायला दिवसभर गेला, तर त्या कैरीची किंमत दोन दिवसांची मजुरी. तेव्हा ती माउली काय करी? बहुधा मागतच नसे. घरात विचारलेल्या त्या जुन्या प्रश्नाला "काही नको" हेच उत्तर देण्याची सवय तिला लागली, आणि ती सवय पुढच्या पिढ्यांतील अनेक स्त्रियांच्या अंगवळणी पडली. स्वतःसाठी काही न मागणारी बाई ती चांगली, अशी समजूत त्यातूनच दृढ झाली.

परंतु त्या खोपटाच्या मागे एक गोष्ट विनामूल्य उगवत होती. ओढ्याकाठी अळू होते, कुंपणाला शेवगा होता, मांडवावर भोपळ्याचा वेल होता, उकिरड्याच्या कडेला माठ होता. क्रिओल भाषेत या साऱ्या पाल्याला 'ब्रेद' म्हणतात. शेवग्याचा पाला तो ब्रेद मुरुम, अळू तो ब्रेद सोंझ, भोपळ्याचा पाला तो ब्रेद जिरोमों. लसूण-आल्याची फोडणी देऊन केलेले या पाल्याचे पातळ बुयों आणि भात, हे गरिबाचे जेवण होते. पुढे ऊस विकून, मुलांना शिकवून ज्यांनी घरे बांधली, त्यांच्या ताटातून हा पाला हळूहळू मागे सरकला. तो गरिबीची आठवण करून देई, हेच त्याचे कारण. ज्या पाल्याला लाजून दूर सारले, त्याच पाल्यापाशी आधुनिक वैद्यक कसे येऊन थांबले, ती हकिकत मोठी उद्बोधक आहे. आणि ती घडली मुंबईत.

1928 साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. गिरणगावातील गरीब गर्भवती स्त्रियांना एक विलक्षण पांडुरोग होत असे. त्यात रक्ताच्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत, स्त्री फिकट पडे, धाप लागे, आणि पुष्कळदा बाळंतपणातच तिचा अंत होई. हे जंतूंचे काम असावे असा प्रथम संशय होता. विल्सबाईंनी त्या स्त्रियांच्या ताटाकडे पाहिले. ज्यांच्या आहारात भाजीपाला, फळे आणि दूध नावालाच होते, त्यांनाच हा रोग अधिक होत होता. त्यांनी उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टपासून केलेला मार्माईट नावाचा स्वस्त अर्क दिल्यावर हा रोग हटतो असे त्यांना आढळले. 1931 साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते. 1941 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तोच घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'फॉलिक आम्ल' असे नाव दिले. मुंबईच्या गिरण्यांना मजूर पुरवणारे रत्नागिरी आणि सातारा हेच जिल्हे मॉरिशसच्या मराठी समाजाचेही माहेर होत. एक भाऊ गिरणीत गेला, दुसरा जहाजात चढला. आणि दोघांच्याही घरच्या गर्भवतीला जे हवे होते ते एका हिरव्या पानात होते.

मग असा प्रश्न येतो, की शरीराला पाला हवा असेल तर डोहाळे पाल्याचे का लागत नाहीत? डोहाळा म्हणजे शरीराची मागणी, उणे असेल तेच मन मागते, असे पुष्कळांचे मत असते. शास्त्राने अद्याप डोहाळ्यांचे कारण निश्चित सांगितलेले नाही. पण हे मत मात्र पुराव्याला उतरत नाही. तसे असते तर गर्भवती स्त्रिया पहाटे उठून अळू मागत्या. प्रत्यक्षात मागणी असते गोडाची, खारटाची, आंबटाची, तिखटाची, आणि बहुधा बालपणी जे आवडले त्याची. पहिल्या तीन महिन्यांतील मळमळीचा उलगडा मात्र अलीकडे झाला. गर्भ आणि वार यांच्याकडून आईच्या रक्तात येणारे एक विशिष्ट संप्रेरक तिला कारण होते, असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. 'नखरे करते' म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. अशा दिवसांत एकदम पोटभर जेवण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे. सकाळी उठल्याबरोबर कोरडे बिस्किट किंवा भाजलेला पाव, आणि दिवसातून एकदा आल्याचा तुकडा किंवा आल्याचे पाणी, याने पुष्कळींना बरे वाटते. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी होत असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र घरी थांबू नये.

एका जातीचा डोहाळा मात्र खरोखरच उणिवेची खूण असू शकतो. माती, चुलीची राख, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ, असे अन्न नसलेले किंवा न शिजवलेले खाण्याची अनावर इच्छा होणे, हा तो डोहाळा. कालिदासाची राणी याच वाटेने गेली होती. रक्तातील लोह कमी झालेल्या स्त्रियांत ही इच्छा वारंवार आढळते. माती खाऊन लोह मिळत नाही. उलट जंत आणि शिशासारखी विषे पोटात जातात, आणि अन्नातील लोहही नीट शोषले जात नाही. सुनेच्या पदराला खडूचे डाग दिसले तर तिला रागावू नये, तिची थट्टाही करू नये. तिला रक्त तपासण्यासाठी न्यावे. गर्भवतीच्या रक्तात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेले की तो सामान्यतः पांडुरोग समजतात. मॉरिशसमध्ये सरकारी आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत ही तपासणी विनामूल्य होते. तेव्हा केवळ संकोचापायी ती टाळणे हा करंटेपणा होय.

लोहाची ही गरज किती असते, हे आकड्यांनी पाहावे. गर्भारपणात आईच्या रक्तातील द्रवभाग जवळजवळ निम्म्याने वाढतो. नऊ महिन्यांत मिळून तिला सुमारे एक ग्रॅम अधिक लोह लागते. त्यातील काही बाळ आणि वार घेतात, काही तिच्या वाढलेल्या रक्तात जाते. हा साठा नुसत्या भाताने भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली गर्भवतींसाठी ज्या सूचना दिल्या, त्यांत दररोज 30 ते 60 मिलिग्रॅम लोह आणि 0.4 मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे असे सांगितले आहे. म्हणून आरोग्य केंद्रातून मिळालेल्या गोळ्या कपाटात ठेवून देऊ नयेत. गोळीने शौचास काळे होते, कधी पोट जड होते; त्यात घाबरण्यासारखे काही नाही. फार त्रास झाल्यास डॉक्टरांकडून गोळी किंवा तिची वेळ बदलून घ्यावी, परस्पर बंद करू नये.

फॉलिक आम्लाची गोष्ट थोडी निराळी आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठावीस दिवसांतच मिटते. तोपर्यंत पुष्कळ स्त्रियांना आपल्याला दिवस गेले आहेत याचा पत्ताही नसतो. 1991 साली ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांना पूर्वी असे व्यंग असलेले मूल झाले होते अशा स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिले असता तो धोका जवळजवळ तीन चतुर्थांशाने कमी झाला. सारांश, ही गोळी लग्नानंतर मूल हवे असे ठरले तेव्हापासूनच घ्यावयाची. डोहाळे लागल्यावर ती सुरू करणे म्हणजे पेरणी झाल्यावर नांगर शोधणे होय. पूर्वीच्या बाळाला असे व्यंग असेल, किंवा आईला मधुमेह वा फेफरे असेल, तर गोळीचे प्रमाण अधिक लागते. ते डॉक्टरांनीच ठरवावे.

गोळी आहे म्हणून पाला नको, असे मात्र समजू नये. पाल्यात लोह आणि फॉलिक आम्ल यांखेरीज चुना आणि चोथाही असतो, आणि गर्भारपणातील बद्धकोष्ठावर चोथ्यासारखा उपाय नाही. पाला फार वेळ उकळत ठेवला तर फॉलिक आम्ल नाहीसे होते. म्हणून शेवगा, माठ, भोपळ्याचा पाला बेताने शिजवावा आणि त्याचे पाणी टाकू नये. अळू मात्र खाजरे असते, ते नीट शिजवूनच घ्यावे. शेवग्याचा पाला शिजवून खाण्यास चांगला. त्याची मुळी किंवा साल औषध म्हणून गर्भवतीने घेऊ नये. पाल्यातील आणि डाळीतील लोह शरीराला सहजासहजी लागत नाही. पण त्याच घासाबरोबर लिंबू, पेरू, टोमॅटो असे काही पोटात गेले की ते अधिक लागते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. दुधाचा व्हॅनिला-चहा हे मॉरिशसच्या घरांचे भूषण खरे; पण गर्भवतीने तो जेवणानंतर तासा-दोन तासांनी घ्यावा, आणि चहा-कॉफी मिळून दिवसात दोन-तीन लहान पेल्यांवर जाऊ नये.

आता दोघांसाठी जेवण्याची गोष्ट. 'दोन जिवांची आहे, दोघांचे जेव' असे म्हणून सुनेच्या ताटात दुप्पट भात वाढण्याची चाल आहे. उपाशी मळ्याच्या आठवणीतून आलेली ही माया आहे, तिला हसू नये. परंतु तिचा हिशेब चुकीचा आहे. पहिल्या तीन महिन्यांत अधिक अन्नाची गरज जवळजवळ नसते. पुढच्या तीन महिन्यांत दिवसाला सुमारे साडेतीनशे कॅलरी अधिक लागतात, शेवटच्या तीन महिन्यांत त्याहून काहीशा जास्त. साडेतीनशे कॅलरी म्हणजे एक वाटी घट्ट डाळ, एक पोळी आणि एक केळे, एवढेच. मध्यम बांध्याच्या स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढावे. मूळचीच स्थूल असेल तर त्याहून कमी, आणि कृश असेल तर थोडे अधिक. दुप्पट होण्याची गरज आहे ती डाळ, पाला, अंडे, मासळी, दूध आणि फळे यांची. दुप्पट केला जातो तो नेमका भात.

हे मॉरिशसच्या वाचकांस विशेष जपून सांगावे लागते, कारण मधुमेह हा या बेटाचा घरोघरचा पाहुणा झाला आहे. 1987 सालापासून सरकारने वेळोवेळी केलेल्या पाहण्यांत तो सतत आढळत आला, आणि 2021 च्या पाहणीप्रमाणे सुमारे पाच प्रौढांत एकाला तो आहे. हिंदी वंशाच्या स्त्रियांना गर्भारपणात येणाऱ्या मधुमेहाचा धोका अधिक असतो. तो दिसत नाही, दुखत नाही. बाळ मात्र प्रमाणाबाहेर वाढते, बाळंतपण अडते, जन्मल्यावर बाळाची साखर एकाएकी उतरते. आणि आईला पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह जडण्याचा संभव वाढतो. म्हणून चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात साखरेचे पाणी पाजून करावयाची तपासणी चुकवू नये. घरात आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल तर त्याआधीच डॉक्टरांना तसे सांगावे. गुळात लोह असते म्हणून गूळ हवा तितका चालतो, असेही म्हटले जाते. गुळातील लोह थोडे आणि साखर पुष्कळ, हे ध्यानात असावे.

मग डोहाळ्यांचे काय? येथे पुन्हा चरकाकडे वळावे. गर्भवतीची इच्छा फारच तीव्र असेल, तर अहितकर वस्तूही तिला हितकर वस्तूंशी जोडून द्यावी, असा व्यवहारी मार्ग त्याने सांगून ठेवला आहे. नाकारू नये, आणि मोकळेही सोडू नये, सोबत द्यावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या सल्ल्यात आजचा आहारतज्ज्ञ फारसा फरक करणार नाही.

हा मार्ग मॉरिशसच्या रस्त्यावर कसा चालावयाचा ते पाहू. गर्भवतीला कोंफी हवे असते: मीठ-मिरची लावलेली कच्ची कैरी, अननस, चिंच. ते रस्त्यावरच्या बरणीतून घेण्यापेक्षा घरी स्वच्छ धुऊन, मीठ बेताचे घालून करावे, आणि डाळ-पाल्याच्या जेवणाबरोबर वाढावे. फळाच्या आंबटपणाने पाल्यातील लोह अंगी लागेल, म्हणजे एकाच ताटात डोहाळाही पुरा झाला आणि पथ्यही. रक्तदाब वाढलेला असल्यास लोणची, अशार आणि खारवलेली मासळी मात्र आवरावी. गातो पिमां हवे असतील तर ते मुळात डाळीचेच आहेत. दोन-तीन घ्यावेत, पण त्यांच्याबरोबर लोणी लावलेला पांढरा पाव नको, टोमॅटो-काकडी असावी. दाल पुरी हवी असेल तर एक जोडी घ्यावी, आणि बरोबरीला वाटीभर ब्रेद. गोड हवेसे झाले तर प्रथम पिकले फळ आणि दही द्यावे. मोदक किंवा पुरणपोळी सणाच्या दिवशी खुशाल खावी, पण ती जेवणाऐवजी नव्हे आणि रोज नव्हे. बाटलीतील गोड फसफसते पेय हा एकच डोहाळा असा आहे की ज्याच्या जोडीला कोणतीही हितकर वस्तू ठेवली तरी हिशेब जुळत नाही. त्याऐवजी लिंबाचे पाणी द्यावे.

मासळी मराठी माणसाची जिवाभावाची, आणि बाळाच्या मेंदूला ती उपकारकच आहे. परंतु मार्लिन, शार्क, तलवार-मासा अशा मोठ्या शिकारी माशांच्या मांसात पारा साठतो. ते गर्भवतीने टाळावेत. पातळ काप करून थंडच वाढला जाणारा धुरावलेला मार्लिन तर दोन कारणांनी वर्ज्य, कारण त्यात पाऱ्याखेरीज जंतूंचेही भय असते. लहान मासे आणि सार्डिन नीट शिजवून आठवड्यातून दोनदा घ्यावेत. मांस, अंडे पूर्ण शिजलेले असावे, दूध तापवलेले असावे, कोशिंबिरीची पाने वाहत्या पाण्याखाली धुतलेली असावीत. मद्य आणि तंबाखू यांना कोणत्याही डोहाळ्याच्या नावाने घरात प्रवेश नसावा. ज्या घरी मासळी, अंडे काहीच चालत नाही, तेथे दूध-दही आणि डाळी-कडधान्ये रोजच असावीत, आणि ब-12 या जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

पपईची गोष्ट घरोघर निघते. कच्च्या पपईच्या चिकात गर्भाशयाला आकुंचन आणणारे द्रव्य असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, म्हणून कच्च्या पपईची कोशिंबीर गर्भवतीने टाळावी हे योग्य. पूर्ण पिकलेल्या पपईत तो चीक जवळजवळ नसतो. ज्या आजीने पपईच नको म्हटले तिने पोरीला जपण्यासाठीच म्हटले, एवढे मानून तेथे वाद न घालता पेरू-केळे खावे. पण वर्ज्य पदार्थांची यादी वाढत वाढत डाळ, अंडी, मासळी, वांगी, दही असे एकेक ताटातून जाऊ लागले, तर तेथे घरातील शिकल्यासवरल्या माणसाने शांतपणे मध्ये पडावे. त्या यादीतील प्रत्येक शब्दाबरोबर बाळाच्या वाट्याचा एक घास कमी होत असतो.

शेवटी ताटात काय आहे याइतकेच महत्त्वाचे म्हणजे ते ताट कधी वाढले जाते. सर्वांना वाढून झाल्यावर, डाळीचा तळ आणि भाताची खरड घेऊन बसणारी गर्भवती सून अजूनही काही घरांत आढळते. तिला कोणी उपाशी ठेवलेले नसते. पण माशाचा तुकडा आणि पाल्याची वाटी तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी संपलेली असते. डोहाळजेवणाच्या एका दुपारी तिला पाटावर बसवून फुलांनी सजवायचे आणि उरलेले सारे दिवस तिने शेवटी जेवायचे, यात सोहळा आहे, डोहाळे पुरवणे नाही. नऊ महिने तिचे पान पहिल्या पंगतीला मांडावे. सासूने तिला आपल्याशेजारी बसवावे. नवऱ्याने बाजारातून येताना पुडा-बाटलीबरोबर पाल्याची एक जुडी आठवणीने आणावी, आणि तपासणीच्या दिवशी तिच्याबरोबर जावे. एका दिवसाच्या खाड्यासाठी दोन दिवसांचा रोज कापणारा मुकादम आता उरलेला नाही.

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीस, पालेभाज्या आणि कंद एकत्र शिजवून ऋषीची भाजी करण्याची चाल कोकणातून आली आहे. अळू, माठ, भोपळा, भेंडी अशी ती साधी, बिनमसाल्याची भाजी असते. सणाच्या गोडाधोडात ती मागे पडते, मुले तोंड वाकडे करतात. गर्भवती सुनेच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत उत्तम ताट बहुधा तेच असेल. पणज्यांनी समुद्रापार आणलेल्या गाठोड्यात दागिने थोडे होते. त्यांनी ओळखून आणलेला आणि ओढ्याकाठी पुन्हा शोधून काढलेला हा पाला मात्र अजून परसात उभा आहे.

म्हणून पुढच्या वेळी घरात तो जुना प्रश्न विचारला जाईल, "काय खावेसे वाटते गं तुला?", तेव्हा उत्तर "काही नको" असे येऊ नये, आणि आलेच तर ते खरे मानू नये. तिने कैरी मागितली तर कैरी द्यावी. तिच्या जोडीला डाळ, भात आणि ब्रेदची भरलेली वाटी ठेवावी. आणि ती जेवून होईपर्यंत कोणीतरी तिच्याजवळ बसून राहावे. ज्यांचे डोहाळे मळ्यावर अपुरे राहिले, त्या आज्या-पणज्यांचे ऋण फेडण्याचा यापरता सोपा मार्ग नाही.